सावरीचा डोंगा

लग्न झालं तेव्हा मला अठरावं चालू होतं. माहेर सिंदीचं, रेल्वेच्या सिंदीचं. घरामागून आगगाडी जायची आणि कापसाच्या दिवसांत घरापुढून बैलगाड्यांची रांग लागायची. माणसाचा आवाज कानावर पडला नाही असा तिथला एक दिवस मला आठवत नाही. यजमान जंगलखात्यात नाकेदार होते. तेव्हा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता. लग्नानंतर चार महिन्यांतच त्यांची बदली आर्वी तालुक्यातल्या एका नाक्यावर झाली. आर्वीहून निम्मी वाट बैलगाडीनं आणि उरलेली पायी. नाका म्हणजे दोन कौलारू खोल्या, पुढे पडवी, मागे सागाचं जंगल आणि समोर वर्धा नदी.

नदीचा तिथं डोह होता. पाणी वर्षभर आटत नसे. रुंदी फार नव्हती, गोफणीचा दगड सहज पलीकडे जाईल एवढीच. पलीकडे अमरावती जिल्हा लागायचा. त्या काठावर तीन झोपड्या होत्या, पैकी दोन मोडून पडल्या होत्या. तिसरीतून संध्याकाळी धूर निघायचा. आमच्या बाजूचं सगळ्यात जवळचं गाव जंगलातून तीन कोस. नदी पायी ओलांडायचा उतारही खाली तितकाच दूर, आणि त्या वाटेला अस्वलं फार. "उनाळ्यात तुले एक डाव पलीकडं नेतो," असं यजमान पहिल्या वर्षी म्हणाले होते. तो उन्हाळा वणवे विझवण्यात गेला.

माणूस वाईट नव्हता. बोलत नसत, इतकंच. चार-चार, पाच-पाच दिवस फेरीवर असत. परत आले की विचारायचे, "पीठ हाये?"

"हाये."

"पानी भरलं?"

"भरलं."

एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. मग ते खांबाला टेकून बसायचे आणि कुऱ्हाडीला धार लावायचे. मी त्यांच्याकडे बघत बसायची. काहीतरी विचारावं असं फार वाटायचं, पण विचारण्यासारखं काही घडलेलंच नसायचं.

एकदा ते फेरीवर गेल्याच्या चौथ्या दिवशी मी माझं स्वतःचं नाव मोठ्यानं घेऊन पाहिलं. आवाज घोगरा निघाला. दुसरंच कोणी बोललं असं वाटून मी मागे वळून पाहिलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. जंगलाला नाही, वाघाला नाही. आपलं काहीतरी हळूहळू बंद पडत चाललंय, याला घाबरले.

पलीकडच्या झोपडीत एक म्हातारी एकटी राहते, हे लांबून दिसायचं. ती सकाळी पाण्यावर यायची, भांडी घासायची, कपाळावर आडवा हात धरून आमच्या बाजूला बघायची आणि निघून जायची. सुरुवातीला मी हात हलवला होता. तिनंही हलवला. नंतर मी दोनदा हाका मारल्या, तर तिनं मान वर करूनही पाहिलं नाही. मला राग आला. असेल कोणी घमेंडी, म्हटलं आणि नाद सोडला.

त्या वर्षी भादव्यात मोठा पूर आला. पूर उतरल्यावर आमच्या काठच्या जांभळीच्या मुळांत सावरीचं एक भलं मोठं झाड अडकून राहिलं. कुठून वाहून आलं कोण जाणे. सावरीचं लाकूड हलकं आणि मऊ. जळायला काही खास नाही, पण अंगणापासून वीस पावलांवर आयतं आलेलं. दिवाळीनंतर एका सकाळी यजमान फेरीवर गेले आणि मी कुऱ्हाड घेऊन त्याचं जळण करायला बसले.

चार घाव घातले असतील, तोच पलीकडून आरोळी आली.

"ओ नाकेदारीन! थांब! जयतन नोको करू त्याचं!"

म्हातारी पाण्यात गुडघाभर उतरून उभी होती आणि दोन्ही हात हलवत होती. दीड वर्षात तिनं उच्चारलेले ते पहिले शब्द. आवाज असा खणखणीत की झाडावरचे बगळे उडाले.

"डोंगा होते त्याचा!" ती ओरडली. "डोंगा कर! अन् ये इकडं!"

डोंगा म्हणजे खोड कोरून केलेली होडी. मी ओरडून म्हटलं, "मले कुठं येते डोंगा कराले?"

"बुडाकून घे!" ती म्हणाली. "शेंड्याकडचं कामाचं नाई!"

माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. पण कुऱ्हाड कुठं चालवायची ते कळलं. मी खोडावरून पुढे सरकत गेले, ती ओरडत राहिली. "अजून! अजून जाय! हां, तठी! तठी तोड!" तिनं थांबवलं तिथं मी कोळशानं खूण केली. बुडापासून ती जागा माझे दहा हात भरली.

का सुरू केलं, याचं खरं उत्तर एवढंच, की मला कोणीतरी काहीतरी करायला सांगितलं होतं.

खोड तोडायला चार दिवस लागले. काटे तासून काढताना हात सोलवटले. पाचव्या दिवशी यजमान आले. त्यांनी ते लाकूड पाहिलं, माझे हात पाहिले. मी घाबरत म्हटलं, "पलीकडची बुढी म्हणते, याचा डोंगा होते."

ते जेवत होते. घास गिळून म्हणाले, "वाहून आलेलं लाकूड बी सरकारचंच असते."

सकाळी ते उठून कूपावर, म्हणजे जंगलतोडीच्या पट्ट्यावर, गेले, तिकडं साग तोडायचा मोसम सुरू झाला होता. मी दोन दिवस लाकडाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं हाका मारमारून जीव नकोसा केला, म्हणून काठावर गेले. तेव्हा दिसलं. खोडाच्या तोंडावर, तोडलेल्या पांढऱ्या जागेवर, सरकारी हातोड्याचा ठसा उमटलेला होता. नाकेदारानं लाकूड तपासून सोडलं की असा ठसा मारतात. सकाळी निघण्याआधी त्यांनी तो मारला होता आणि मला सांगितलं नव्हतं. मी त्या ठशावरून बोट फिरवलं. आमच्या संसारात त्यांनी माझ्याशी केलेलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं, असं मला तेव्हा वाटलं.

हत्यारं म्हणजे यजमानांची जुनी कुऱ्हाड, आणि नाक्याचं छप्पर दुरुस्त करून गेलेल्या सुतारानं विसरलेली, लाकूड तासायची एक वाकस. वाकशीला दांडा नव्हता. धावड्याची फांदी तासून मी तो बसवला, तर पहिल्या दिवशी पातं तीनदा निसटलं. म्हातारी पलीकडून बघत होती. तिनं आपला विळा उचलून दाखवला, दांड्याच्या टोकात पाचर ठोकल्यासारखं केलं आणि मग तो दांडा पाण्यात धरला. मला समजलं. पाचर ठोकून, फुगायला म्हणून रात्रभर पाण्यात ठेवलं, ते पक्कं बसलं.

असंच ते पुढचं सगळं काम झालं. ती तिकडून ओरडायची, हातवारे करायची, मी इकडं करायची. आधी खोडाची वरची बाजू सपाट करायची होती. हातहात अंतरावर खाचा पाडायच्या आणि दोन खाचांमधला तुकडा कुऱ्हाडीनं उडवायचा. रेघ सरळ यावी म्हणून तिनं दोन काठ्यांमध्ये दोरी ताणून दाखवली. मी सूत भिजवून कोळशात घोळलं आणि ताणून टिचकी मारली. मग आतून कोरणं. कोरण्याला तर अंतच नव्हता. वाकशीनं दिवसभर तासलं तरी संध्याकाळी पायलीभर ढलप्या निघायच्या. तेव्हा तिनं विस्तव दाखवला. जळती गोवरी चिमट्यात धरून तिनं ती आपल्या काठवटीत ठेवली आणि कडेला चिखल थापला. मग मीही आतल्या खळग्यात गोवऱ्यांचा विस्तव घालू लागले. कडांना ओला चिखल लावायचा आणि जळालं तेवढं खरवडायचं.

"हात लावून पाह्य!" ती ओरडायची. "एक हात आतून, एक बाहीरून! मंग समजते जाडी!"

मी तसे हात लावायची. दोन तळव्यांच्या मध्ये ते लाकूड उबदार लागायचं. कधी कधी काम थांबवून मी उगीचच तशी बसून राहायची.

काम करताना मी तिच्याशी बोलायची. सगळं बोलायची. सिंदीच्या गोष्टी, आईच्या गोष्टी, यजमान कसे गप्प बसतात ते. घसा फोडून ओरडायची आणि तीही मान हलवायची. तिची उत्तरं चमत्कारिक असत. मी म्हटलं, "आजी, मले इथं करमत नाई," तर ती म्हणाली, "मंग जेवून घे आधी!" मी विचारलं, "तुमचे लेक कुठं असतात?" तर म्हणाली, "उजव्या अंगानं जास्त जयालं, तठी पानी मार!" मला वाटायचं, म्हातारी अनुभवी आहे, फालतू बोलण्याला थारा देत नाही. तिचं एखादं वाक्य मी दिवसभर मनात घोळवायची आणि त्यातून अर्थ काढायची. "मंग जेवून घे आधी" यातून तर मी केवढा अर्थ काढला होता.

पुसात एका दुपारी यजमान आले. हातपाय धुतले, जेवले आणि मग खिशातून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. ते ठेवून ते घडा घेऊन नदीवर गेले. घडा भरलेलाच होता.

मी चौथीपर्यंत शिकले होते, वाचता येत होतं. वाचायची गरज नव्हती, कोपरा फाडलेलं कार्ड कशाचं असतं ते ठाऊक होतं. फक्त कोण, तेवढंच बघायचं होतं. आई गेली होती. कार्ड आर्वीला बरेच दिवस पडून राहिलं होतं. तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं.

यजमान परत आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "जायचं असन तं नेतो."

"आता जाऊन काय?" मी म्हटलं.

ते दोन दिवस घरी राहिले. चूल त्यांनीच पेटवली, भात केला, तो करपला. तिसऱ्या दिवशी कूपावरून माणूस बोलवायला आला आणि त्यांना जावं लागलं.

ते गेल्यावर मी काठावर गेले. म्हातारी भांडी घासत होती. मी उभी राहिले आणि सगळी ताकद लावून ओरडले, "माझी माय गेली!"

तिनं मान वर केली. मी पुन्हा ओरडले. आवाज फाटला. मग मी त्या अर्ध्या कोरलेल्या खोडाला टेकून खाली बसले आणि रडले. घरात रडू आलं नव्हतं. किती वेळ गेला कळलं नाही. डोळे पुसून पाहिलं, तर म्हातारी पलीकडच्या गोट्यावर बसलेली होती. तिनं हाक मारली नाही, काही विचारलं नाही. भांडी तशीच पडली होती, एक पातेलं पाण्यात तरंगत लांब गेलं होतं, तिनं ते जाऊ दिलं. ऊन माथ्यावर आलं, कललं. मी उठले तेव्हाच ती उठली.

त्यानंतर चार दिवस मी कामाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी लावला, कारण दुसरं काय करणार?

माघात एक चूक झाली. डाव्या अंगाला गाठ होती, तिथं मी वाकस जोरात मारली आणि गाठ निखळून आरपार भोक पडलं. मूठ जाईल एवढं. मी वाकस फेकून दिली. म्हातारी ओरडत होती, तिच्याकडे न बघता घरात गेले. सगळं फुकट गेलं, आता पुन्हा तेच दिवस, असं वाटून नुसती पडून राहिले. संध्याकाळी बाहेर आले तर ती अजून तिथंच होती. मला बघताच तिनं आपल्या लुगड्याला लावलेलं ठिगळ चिमटीत धरून उंच केलं. "ठिगय लाव!" ती हसत ओरडली. "साऱ्या डोंग्यायले ठिगय असते!"

घासलेटच्या डब्याचा पत्रा कापला, खाली जुन्या धोतराची घडी घातली आणि चुन्यात बिब्ब्याचं तेल कालवून लेप दिला. पत्रा खिळ्यांनी ठोकून बसवला. बिब्ब्याशी जपून वागावं लागतं हे माहीत होतं, पण तेल मनगटावर ओघळलंच. बिबा उतला. दोन्ही हात कोपरापर्यंत सुजले, फोड आले, आठ दिवस भाकर थापता येईना. यजमान आले, त्यांनी हात पाहिले आणि खोबरेल चोळलं. मग स्वतःच भाकरी थापायला बसले. त्या भाकरींचा आकार मला अजून आठवतो.

फाल्गुनात डोंगा तयार झाला. दिसायला तो वाकडाच होता. एक कड जाड, एक पातळ, पुढचं तोंड जरा उजवीकडे वळलेलं. बांबूला फळी बांधून वल्हं केलं. पण मला पोहता येत नव्हतं, आणि ते म्हातारीला न सांगताच समजलं होतं. एका सकाळी तिनं डोहाच्या वरच्या अंगाला जाऊन पाण्यात काहीतरी सोडलं. दुसऱ्या दिवशी ते आमच्या काठच्या लव्हाळ्यात येऊन अडकलं होतं. दोन वाळलेले दुधी भोपळे, सुंभानं एकत्र बांधलेले. "कमरीले बांध!" तिनं ओरडून सांगितलं. त्या काठाची माझ्या हाताला लागलेली ती पहिली वस्तू. सुंभाला माशांचा आणि धुराचा वास येत होता.

डोंगा पाण्यात लोटायला यजमान घरी असते तर बरं झालं असतं, पण मला थांबवेना. खाली गोल लाकडं घातली, मागून पहारीनं उचलत उचलत सकाळपासून दुपारपर्यंत वीस पावलं सरकवला. पाण्यात गेला आणि लगेच जाड कडेकडे कलला. पातळ बाजू वर आली. मी आत जाड कडेला पडलेल्या ओल्या ढलप्या काढून टाकल्या, दुसऱ्या बाजूला दगड ठेवले. एक कमी केला, एक वाढवला. शेवटी तो सरळ उभा राहिला. मी कमरेला भोपळे बांधले, पदर खोचला आणि बसले.

पाणी इतकं जवळ असतं हे मला ठाऊक नव्हतं. हात खाली सोडला की बोटं बुडत होती. डोंगा सारखा उजवीकडे वळायचा, मी वल्हं डावीकडे मारायची, तो गोल फिरायचा. मध्यावर आले तेव्हा खाली बघितलं, काळंभोर पाणी, तळ नाही. ठिगळातून पाणी झिरपत होतं. मागे बघितलं तर आमचं घर, अंगण, वाळत घातलेलं लुगडं. पावणेदोन वर्षं मी तिथं राहत होते आणि ते बाहेरून कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं. फार लहान दिसत होतं. तिथं कोणी राहत असेल असं वाटत नव्हतं.

"खाली नोको पाहू!" म्हातारी ओरडली. "माह्याकडं पाह्य!"

मी तिच्याकडे बघत राहिले आणि वल्हं मारत राहिले.

डोंगा वाळूला लागला, तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं आणि ओढलं. मी उतरले. आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो. ती माझ्या खांद्यापर्यंतच होती. लांबून मला ती मोठी धिप्पाड वाटायची. तिनं माझं तोंड हातात धरून डोळ्यांजवळ ओढलं, मग लांब सारलं, मग परत जवळ ओढलं.

"केवढीशी तं हायेस!" ती म्हणाली. जवळ उभी असूनही ओरडूनच.

मी म्हटलं, "आजी, तुम्ही किती शिकवलं मले."

ती नुसती हसली. मी पुन्हा म्हटलं. तिनं कानावर हात ठेवला. "मोठ्यानं बोल माये. कान गेले माहे. दोन पावसाये झाले, ढगाचं गडगडनं बी येत नाई."

मी तिच्या कानाला तोंड लावलं. "मंग मी तिकून बोलत होती ते?"

"तोंड हालते येवढं दिसे. दूरचं साजरं दिसते मले. काय बोलते ते नाई समजे." ती निवांत म्हणाली. "मी म्हनो, बोलून राह्यली पोरगी, बोलू दे."

मी वाळूवर बसले. चार महिने. करमत नाही म्हणून सांगितलं ते, यजमानांचं सांगितलं ते, सिंदीचं सगळं. एक शब्द पलीकडे पोचला नव्हता. मी पाण्याशीच बोलत होते. हसू यावं की रडू, कळेना. मग मला तो दिवस आठवला आणि मी तिच्या कानात विचारलं, "मंग पुसात त्या दिवशी तुम्ही सारा वेळ गोट्यावर काऊन बसल्या होत्या?"

"तू बसली होती ना," ती म्हणाली. "मंग मी कशी उठू?"

"माझी माय गेली होती," मी कानात म्हटलं.

हे तिला ऐकू गेलं. मग माझा हात धरून मला झोपडीत घेऊन गेली आणि परातीत पीठ काढलं. "मयतीच्या घरी चूल पेटत नाई," ती म्हणाली. "भाकर शेजारीन देते. माही उशिरा झाली, पन जेव."

जाड भाकर आणि विस्तवावर भाजलेली सुकी मासळी. मी दोन भाकरी खाल्ल्या. त्या दिवशी आम्ही आणखी काही बोललो नाही. कानाला तोंड लावून बोलायचं म्हणजे मोजकंच बोलावं लागतं, आणि मोजकं काय बोलावं ते मला सुचेना. चार महिन्यांचं बोलणं असं एका कानात कसं घालणार? ती जाळं दुरुस्त करत होती, मी सूत धरून बसले.

ठिगळातून झिरपायचं ते फुगून आपोआप बंद झालं. चैत्र आणि वैशाख मी दोन-तीन दिवसांआड पलीकडे जायची. तिचा नवरा डोंगे करायचा. त्याच्या मागं तिनं इतकी वर्षं बसून पाहिलं होतं, की स्वतः हत्यार न धरता तिला सगळं येत होतं. दोन मुलगे पुलगावला गिरणीत होते. शेजारच्या दोन झोपड्या दिरांच्या होत्या, तेही पोटामागं गेले. तिचा स्वतःचा डोंगा त्याच भादव्याच्या पुरात गेला होता. "तुह्या काठाले ते झाड लागलं तवा मले लय राग आला," ती एकदा म्हणाली. "माह्या काठाले काऊन नाई लागलं? मंग म्हटलं, जाऊ दे, माह्यात कुठं आता ताकद हाये?"

ज्येष्ठात एका सकाळी गेले तर झोपडीसमोर बैलगाडी उभी होती. तिचा थोरला मुलगा आला होता. गाडीत काठवट, जाळं, दोन मडकी, वळकटी.

"पावसाळ्यात इले कोन पाह्यनार?" तो मला म्हणाला. "मागच्या पुरात पानी दारापर्यंत आलतं. इले आवाज बी आला नाई."

त्याचं बरोबर होतं. म्हातारी गाडीत बसली होती. मी कानाला तोंड लावायला पुढे झाले, तोवर तीच म्हणाली, "उनात डोंगा तडकते. दगड भरून पान्यात बुडवून ठेवजो. पाऊस लागला की काढजो." मग गाडी वळली. ती मागे तोंड करून बसली होती. जवळचं तिला दिसत नसे, पण लांब पडत जाणारी मी तिला बराच वेळ दिसत असणार, म्हणून गाडी झाडांत जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.

मी परत आले. आधीच्या दीड वर्षात पलीकडच्या काठावर कोण आहे हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे कोणी नसल्याचं एवढं काही वाटत नसे. आता तसं राहिलं नव्हतं. डोंगा होता, वल्हं होतं, आणि जायला कुठं नव्हतं. दोन दिवसांनी मी डोंग्यात दगड भरले आणि तो जांभळीखाली बुडवला.

पावसानं नदी भरू लागली तेव्हा एक दिवस यजमानच म्हणाले, "मले बी एक डाव बसव." मी डोंगा काढला. ते पुढे बसले, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून. काठापासून दहा हात गेलो नसू, त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मले पान्याची भीती वाटते," ते म्हणाले. "लहानपनी भाऊ बुडाला माहा. माह्या डोयासमोर. दोन साल झाले इथं, मी डोहात पाय नाई टाकला. घड्यानंच पानी घेतो." मग भाऊ कसा होता, काय खेळायचा, आईनं नंतर काय केलं, ते सांगत राहिले. थांबेनात. मी वल्हं मारायचं थांबवलं आणि डोंगा जागच्या जागी फिरू दिला. मला वाटलं, आता आमचं बोलणं सुरू झालं.

काठाला लागल्यावर ते उतरले, धोतर पिळलं आणि म्हणाले, "पीठ हाये?"

"हाये," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी आर्वीच्या लाकूड डेपोवर बदली झाली. खालच्या अंगाच्या एका मासे धरणाऱ्या ढीवरानं डोंगा मागितला, मी देऊन टाकला. आर्वीत भिंतीला भिंत लागून घरं होती, दिवसभर माणसं, सायकलींच्या घंटा. पहिल्या आठवड्यात शेजारीण दारात येऊन उभी राहिली आणि आत डोकावून म्हणाली, "काय झालं बाई? भांडून राह्यल्या का?"

मी यजमानांना जेवायला बोलावत होते. ते माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेले होते.